‘रीमास्टर्ड’ लिहिलंय, पण कशावरून?

प्रश्न: माझे बाबा तरुणपणी फिल्म सोसायटीचे नेमाचे सभासद होते. तिथे पाहिलेले मूकपट आणि १९४०-५० च्या दशकांतले युरोपीय चित्रपट त्यांना पुन्हा बघायचे आहेत. त्यांनी यादी करून दिली आणि मी डीव्हीडी मागवायला लागले. प्रत्येक कव्हरवर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ लिहिलेलं असतं. पण एका डिस्कमध्ये माणसांची डोकी वरून कापलेली दिसतात. पुस्तकात १०० मिनिटांचा म्हणून दिलेला बोलपट ९६ मिनिटांत संपतो. मूकपटातली माणसं नुसती तुरुतुरु पळतात आणि त्यातले रात्रीचे प्रसंग भर दुपारी घडल्यासारखे वाटतात. एक परिचित सगळी यादी हार्ड डिस्कवर भरून द्यायला तयार आहेत. बाबा म्हणतात, “आहे ते लाव, बघू.” मला मात्र त्यांना नीट प्रत दाखवायची आहे. ती शोधायची कशी, आणि त्यासाठी थांबायचं किती?
— बाबांची प्रोजेक्शनिस्ट

उत्तर: तुमच्या सगळ्या तक्रारी एका जातीच्या नाहीत. लांबीची तक्रार बहुधा तक्रारच नाही. डोकी कापली जाण्यात दोष डिस्कचा असेल, नाहीतर तुमच्या टीव्हीचा. मूकपटाबद्दल मात्र तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. तेव्हा नवं काही मागवण्याआधी हातात आहे ते तपासून घेऊ. पुढची खरेदी कशी करायची हे त्यातूनच बरंचसं कळेल.

आधी ती हरवलेली चार मिनिटं. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालतो. युरोपातल्या टीव्हीची जुनी पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची. त्यामुळे पाल डीव्हीडी काढताना सोपा मार्ग धरला जातो: चित्रपट जरासा जोरात पळवायचा. वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत आटपतो, पण गाळलेलं काहीच नसतं. आवाज किंचित वरच्या पट्टीत जातो. बाबांचा कान गाण्यात तयार असेल तर त्यांना ते खटकेल, बाकीच्यांच्या सहसा लक्षातही येत नाही. अमेरिका-जपानकडच्या एनटीएससी डीव्हीडीवर लांबी मूळचीच राहते, पण चित्राच्या ओळी ५७६ ऐवजी ४८० असतात आणि कॅमेरा आडवा फिरताना हलके झटके जाणवतात. ब्लू-रे सहसा २४ फ्रेमनेच चालते, त्यामुळे तिथे हा घोळ उरत नाही. थोडक्यात, पाल डिस्कची लांबी मूळ लांबीच्या ९६ टक्क्यांच्या आसपास भरली तर निश्चिंत राहा. त्याहून बरीच कमी भरली, तर कुठेतरी कात्री लागलेली आहे.

आता डोकी. १९५३ च्या सुमाराला रुंद पडदा आला. त्याआधीच्या बोलपटाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही १.७८ पट रुंद. त्यामुळे जुना चित्रपट नीट लावला की पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. पुष्कळांना ते पट्टे म्हणजे दोष वाटतो, म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘झूम’ किंवा ‘फुल’ दाबून ते घालवले जातात. झूम केलं की वरखालची मिळून जवळजवळ पाव चौकट जाते. फुल केलं की काही कापलं जात नाही, पण माणसं आडवी ताणली जातात आणि गाडीची चाकं लंबगोल दिसतात. ते सेटिंग आधी तपासा. टीव्ही मूळ चौकटीवर आणूनही पट्टे दिसत नसतील आणि डोकी कापलेलीच असतील, तर ती प्रत टीव्हीचा पडदा भरावा म्हणून छाटलेली आहे. ती बाजूला ठेवा. रुंद पडद्याच्या चित्रपटांचं उलट असतं: तिथे काळे पट्टे वर आणि खाली हवेत. २.३५ पट रुंद चित्र जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलं की चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र गायब होतं. दोघांच्या संवादात एकाचं नुसतं नाक दिसतं, ते त्यामुळे.

मूकपटांची गोष्ट थोडी वेगळी आणि मला जास्त जवळची. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. वेग सेकंदाला १६ फ्रेमपासून २४ पर्यंत काहीही असे आणि एकाच चित्रपटात तो बदलतही असे. ध्वनिपट्टी आल्यावर वेग बांधून घ्यावा लागला, कारण वेग हलला की आवाजाची पट्टी हलते. १८ फ्रेमने घेतलेलं दृश्य २४ ने दाखवलं की माणसं तुरुतुरु पळणारच. मूकपटातला अभिनय हास्यास्पद असतो, असा समज होण्यात या निष्काळजी प्रतींचा मोठा हात आहे. चांगली कंपनी वेग कोणता धरला ते सांगते. कार्ल ड्रायरच्या १९२८ च्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’च्या उत्तम आवृत्त्यांत २० आणि २४ फ्रेम असे दोन्ही वेग दिलेले आहेत, कारण जाणकारांतच त्यावर एकमत नाही. बाबांना दोन्ही दाखवा. ते नक्की एका बाजूने भांडतील.

आणि रात्रीची दुपार. त्या काळची फिल्म अंधारात चित्रण करण्याइतकी तीव्र नव्हती, म्हणून रात्रीचे पुष्कळसे प्रसंग दिवसा घेत आणि प्रिंटचा तेवढा भाग निळ्या रंगात बुडवत. निळं दिसलं की प्रेक्षक रात्र समजायचा. घरातल्या दिव्याच्या उजेडाला पिवळा किंवा तपकिरी, आगीला लाल. हे रंग प्रिंटवर असत, कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवर नसत. त्यामुळे नुसत्या कृष्णधवल प्रतीवरून काढलेल्या डिस्कमध्ये ते येत नाहीत. १९२२ च्या ‘नोस्फेरातू’तला पिशाच्च अशा प्रतींमध्ये लख्ख उन्हात शवपेटी बगलेत मारून हिंडतो आणि भीतीऐवजी हसू येतं. जर्मनीतल्या मुर्नाऊ फाउंडेशनने केलेल्या आवृत्तीत रंग परत आणलेले आहेत. ती पाहिली की हा वेगळाच चित्रपट वाटतो.

इतकं सगळं सांगितलं, कारण ‘डिजिटली रीमास्टर्ड’ या शब्दांनी यातलं काहीच सिद्ध होत नाही. त्यांना ठरलेला अर्थच नाही. जुनी टीव्ही-टेप संगणकात घालून तिचा काळेपणा थोडा वाढवला तरी ते छापता येतं. प्रत कशावरून काढली, हे विचारायचं. कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून मास्टर (पुढच्या प्रती काढण्यासाठी जपलेली प्रत), मास्टरवरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून थिएटरात फिरणारी प्रिंट, प्रिंटवरून १६ मिमीची लहान प्रत, तिच्यावरून टीव्हीसाठी टेप, टेपवरून व्हीएचएस आणि व्हीएचएसवरून तुमची ती डीव्हीडी. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की होतं तेच इथे होतं: राखाडी छटा मरतात, नुसतं काळं आणि पांढरं उरतं. अशी प्रत ब्लू-रेवर घातली तरी हरवलेलं परत येत नाही. चित्राच्या तळाशी थरथरणारी एक रेघ दिसली तर मूळ व्हीएचएस आहे. कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह असेल तर काही विचारायलाच नको.

खरं काम केलेली कंपनी ते लपवत नाही. मूळ निगेटिव्ह की प्रिंट, कोणत्या संग्रहालयातली, कोणत्या साली, २के की ४के स्कॅन (४के म्हणजे जास्त बारकाव्याचा), आवाज कुठून घेतला, हे सगळं मागच्या कव्हरवर किंवा आतल्या पुस्तिकेत असतं. सगळ्या कव्हरवर विशेषणंच विशेषणं आणि हा एक तपशील नाही, तर डिस्क ठेवून द्या. उलट्या बाजूचाही एक दोष सांगतो. फिल्मला स्वतःचा बारीक दाणा असतो. काही कंपन्या स्वच्छतेच्या नादात तो पुसून टाकतात आणि त्याबरोबर त्वचेचा, कापडाचा, पावसाचा पोतही जातो. बुळबुळीत चेहऱ्यांच्या झकपक ब्लू-रेपेक्षा दाणेदार जुनी डीव्हीडी मी कधीही पसंत करेन.

शोध घ्यायचा तो उलट दिशेने. ‘अमुक चित्रपटाची डिस्क’ असं शोधलं की आधी स्वस्त कचरा वर येतो. त्याऐवजी त्या चित्रपटाचं रिस्टोरेशन, म्हणजे उरलेल्या चांगल्या फिल्मवरून त्याची दुरुस्ती, कोणी केलंय का, हे पाहा. मूळ भाषेतलं शीर्षक, दिग्दर्शक आणि वर्ष घेऊन शोधा. एकच चित्रपट वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. इटलीत बोलोन्याला दर उन्हाळ्यात ‘इल सिनेमा रित्रोव्हातो’ हा जुन्या चित्रपटांचा महोत्सव भरतो, पोर्देनोनेला मूकपटांचा, आणि कान महोत्सवात ‘कान क्लासिक्स’ हा विभाग असतो. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक चित्रपटापुढे प्रत कुठून आली आणि काम कोणी केलं हे दिलेलं असतं. तिथे नाव दिसलं तर डिस्क बहुधा वाटेवर आहे किंवा आलेली आहे. बोलोन्याचा महोत्सव २००४ पासून उत्तम डीव्हीडी आणि ब्लू-रेंना पुरस्कारही देतो. इतक्या वर्षांच्या त्या याद्या म्हणजे आयती खरेदी-यादी आहे आणि ती फारसं कोणी वाचत नाही.

मग कंपन्यांची नावं ओळखीची होतात: अमेरिकेत क्रायटेरियन, किनो लॉर्बर आणि मूकपटांसाठी फ्लिकर ॲली, ब्रिटनमध्ये बीएफआय आणि युरेकाची ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ मालिका, जर्मन भाषक देशांतल्या संग्रहालयांची मिळून ‘एडिशन फिल्मम्युझियम’. एकाच चित्रपटाच्या दोन-तीन आवृत्त्या असतील तर डीव्हीडीबीव्हरसारख्या संकेतस्थळावर त्यांच्या एकेका फ्रेमची शेजारी-शेजारी तुलना मिळते. परीक्षणातले शब्द सोडून द्या, फ्रेम पाहा. कडेला एखादं झाड किंवा खांब एका आवृत्तीत आहे आणि दुसरीत नाही, की छाटणी कुठे झाली ते कळतं.

विभागांची कटकट थोडक्यात: डिस्क सहसा ज्या विभागासाठी काढलेली असते, त्याच विभागाच्या प्लेअरवर चालते. ब्लू-रेचे तीन विभाग आहेत: अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया ए; युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया बी; चीन, रशिया आणि दक्षिण आशिया सी. डीव्हीडीचे विभाग आकड्यांचे आणि वेगळे. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागबंदी नाही. दुर्मीळ चित्रपटांचं वेड लागलं असेल तर सगळे विभाग चालवणारा प्लेअर ही पहिली खरेदी. तो नसेल तर निम्मी यादी कुलपातच राहते. आणि मागवण्याआधी सबटायटल तपासा. फ्रेंच, इटालियन किंवा जपानी आवृत्ती दिसायला देखणी असते, पण पुष्कळदा तिच्यावर इंग्रजी सबटायटल नसतात. मूकपटाच्या बाबतीत मूळ भाषेतल्या पाट्या ठेवून खाली सबटायटल देणारी आवृत्ती घ्यावी. बदललेल्या पाट्यांमध्ये मजकूर तर बदलतोच, अक्षरांची सजावटही जाते.

चांगली आवृत्ती होती पण आता छापली जात नाही, हेही वारंवार होईल. हक्क ठरावीक वर्षांसाठी घेतलेले असतात. मुदत संपली की डिस्क बाजारातून उठते. अशा वेळी जुन्या प्रती विकणाऱ्यांकडून घ्यायला हरकत नाही, मात्र बारकोडसकट तीच आवृत्ती आहे ना, हे पाहून. विक्रेत्याकडून मागच्या कव्हरचा आणि डिस्कच्या चमकत्या बाजूचा फोटो मागवा. ती बाजू जांभळट दिसली तर डिस्क कारखान्यात छापलेली नसून रेकॉर्ड केलेली आहे. ते चोरीचं लक्षण असू शकतं, पण दरवेळी नाही: वॉर्नर आर्काइव्हने २००९ मध्ये मागणीनुसार प्रती काढून द्यायला सुरुवात केली, तेव्हा अधिकृत डिस्कही तशाच होत्या. म्हणून कंपनीचं नाव आणि रंग दोन्ही जुळवून पाहा. विकत घेण्याआधी वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित सूचीत, शोध घेतलात तर आणखी बरं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बाजारातून उठलेल्या पुष्कळ आवृत्त्या पडून असतात.

फुकट मिळणाऱ्या चित्रपटांबद्दल एक सावधगिरी. हक्क संपलेला चित्रपट कोणीही विकू शकतं, म्हणून त्याच्या सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाईट प्रती बाजारात असतात. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं शीर्षक ऐन वेळी बदललं आणि नव्या पाटीवर हक्काची सूचना घालायचं राहून गेलं. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने चित्रपट तिथेच सार्वजनिक झाला. पुढे कित्येक वर्षं त्याच्या मळकट प्रती खपत राहिल्या. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने फिल्म फाउंडेशनच्या साथीने मूळ निगेटिव्हवरून तो नीट केला तेव्हा कळलं, की मळकटपणा दिग्दर्शकाने ठेवलेलाच नव्हता. पण फुकट म्हणजे वाईटच, असंही नाही. डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपले मूकपट चांगल्या प्रतीत मोफत पाहायला ठेवले आहेत, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडेही तशी सोय आहे. बाबांच्या यादीतलं एखादं डॅनिश नाव तिथेच सापडेल.

हार्ड डिस्कवाल्या परिचितांना नाही म्हणा. हक्क कोणाचा तरी आहे आणि असल्या फुकट प्रतींनी पुढच्या रिस्टोरेशनचा पैसा बुडतो, हे तर आहेच. शिवाय त्या फायली कुठून आल्या, कोणी किती आवळल्या, कोणत्या आवृत्तीच्या, काही लिहिलेलं नसतं. म्हणजे तुमचा मूळ प्रश्न जिथल्या तिथे. पण त्यांना तोडू नका. अशा माणसांना कोणत्या चित्रपटाची कोणती आवृत्ती सरस, हे तोंडपाठ असतं. यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि फायलींऐवजी माहिती घ्या. जो चित्रपट अधिकृतपणे कधी आलाच नाही, त्यासाठी त्या देशाच्या चित्रपट संग्रहालयाला सरळ पत्र लिहा. अशा पत्रांना उत्तरं येतात, कारण ती फार थोडे लोक लिहितात.

आता थांबायचं किती. काही चित्रपटांची ‘नीट प्रत’ जगात नाहीच. ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १९२७ मध्ये बर्लिनला दाखवून झाला आणि लगेच कापला गेला. कापलेल्या भागाचा मोठा हिस्सा २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात सापडला, तोही १६ मिमीवर, ओरखड्यांनी भरलेला. २०१० च्या आवृत्तीत परत आलेली ती सुमारे २५ मिनिटं पाऊस पडल्यासारखी दिसतात, आणि तरीही हीच घ्यायची. ड्रायरच्या ‘जोन’ची मूळ निगेटिव्ह जळाली. पूर्ण प्रिंट मिळाली ती १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात, ड्रायर गेल्यानंतर तेरा वर्षांनी. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्यातल्या वाचवण्याजोग्या पट्ट्या पुन्हा मऊ करून स्कॅन केल्या आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट नव्याने आले. पूर्ण लांबीच्या अमेरिकन मूकपटांपैकी तर जेमतेम १४ टक्के मूळ रूपात पूर्ण उरलेत, असा लायब्ररी ऑफ काँग्रेसचा २०१३ चा अहवाल सांगतो. अशा ठिकाणी ओरखड्यांवर नाक मुरडण्यात अर्थ नाही.

म्हणून माझा क्रम असा: आधी चित्रपट पूर्ण हवा, मग चौकट बरोबर, मग वेग बरोबर, आणि सगळ्यात शेवटी स्पष्टपणा. पहिल्या तिन्हींत पास होणारी धूसर प्रत असेल तर बाबांचं ऐका आणि लावा. त्यांनी हे चित्रपट सोसायटीत पाहिले ते बहुधा झिजलेल्या १६ मिमी प्रिंटवर आणि लोखंडी खुर्च्यांवर. धूसरपणाची त्यांना सवय आहे. छाटलेली किंवा धावती प्रत मात्र लावू नका. रिस्टोरेशन जाहीर झालेलं असेल तरच त्या चित्रपटासाठी थांबा, नुसत्या आशेवर थांबू नका. बाबांना यादीवर एक-दोन-तीन असे आकडे घालायला सांगा. पहिल्या तिघांची मूळ नावं, दिग्दर्शक आणि वर्षं मला कळवलीत, तर कोणती आवृत्ती घ्यायची ते पुढच्या सदरात नावानिशी सांगेन.

ता. क.: टीव्हीत ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तशाच नावाची एक सोय असते, आणि नवीन टीव्हीवर ती बहुधा चालूच असते. ती दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसवते, त्यामुळे १९४० चा चित्रपट कालच्या मालिकेसारखा दिसतो. ती बंद करा, आणि ‘शार्पनेस’ही अगदी खाली आणा.